ओहोटीच्या वेळची सुनावणी

लंडनच्या पिनर उपनगरातल्या मराठी मंडळींत गेल्या दिवाळीला फराळाबरोबर एक बातमी फिरत होती: ऋजुताचं म्हणे तिकडच्या कुठल्याशा मंत्र्याशी सूत जुळलं, म्हणून लंडनची चांगली नोकरी गेली. सांगणाऱ्या बायका आवाज इतका खाली आणत, की शेजारच्या टेबलालाही नीट ऐकू यावं!

'तिकडचा' म्हणजे प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशाचा. तिथे नवं बंदर व्हायचं होतं. बंदरामुळे समुद्राचं, माणसांचं काय नुकसान होईल, याचा अहवाल एका कंपनीने केलेला. तो नीट झालाय का, हे तपासायचं काम ऋजुताच्या ऑफिसकडे. ऋजुता मूळची नागपूरची, जिभेची तिखट. न पाहिलेल्या किनाऱ्यावर शेरा मारणार नाही म्हणाली आणि हट्टाने जाऊन आली.

परतली ती धुमसतच. तिचा बॉस अजय, पुण्याचा, कॉलेजपासूनचा मित्र.

"अगं, जाहीर सुनावणीत एकही ऑब्जेक्शन आलेलं नाही. 'समाधानकारक' लिही आणि मोकळी हो."

"सुनावणी कधी ठेवली होती, बघितलंस?"

"सकाळी अकराला. सिव्हिलाइज्ड टाइम आहे की!"

"त्या दिवशी अकराला पूर्ण ओहोटी होती, शहाण्या! ओहोटी लागली की गावातल्या झाडून साऱ्या बायका चिखलात शिंपले काढायला उतरतात. त्यावर घरं चालतात त्यांची. बंदर त्याच चिखलावर येतंय. आणि हॉलमध्ये बसलं होतं कोण? सिमेंटवाले!"

"ते आपल्या स्कोपमध्ये नाही गं. क्लायंट खोळंबलाय."

"मग क्लायंटला सांग, भरतीच्या वेळी परत घे सुनावणी."

"तू ना, फार इमोशनल होतेस."

"आणि तू ना, विकला गेलायस. अजून आवाज चढवलेला नाहीये मी!"

मग चढवला. अख्ख्या मजल्याने ऐकला. 'असमाधानकारक' हा शेरा काही तिने खोडला नाही. अजयने तो दुसऱ्याकडून बदलून घेतला, आणि पार्ट्यांमधून ग्लास हलवत सांगत सुटला, "मंत्र्याशी फारच जवळीक झाली होती हो तिची." नालायक कुठला! स्वतःची लाज झाकायला मैत्रिणीची अब्रू वापरली, आणि आम्ही ती चकलीबरोबर चघळली.

बंदराचं काम सुरू झालं आहे. शिंपल्यांचा किनारा भरावाखाली गेला. ऋजुता त्या मंत्र्याला एकदाही भेटलेली नव्हती. शेरा बदलायला नकार दिला, म्हणून तिला काढून टाकलं.