पहिल्या बर्फाच्या दिवशीचा पोस्टमन

आमच्या समरकंदच्या मोहल्ल्यात आता बर्फचिठ्ठी फोनवरून पाठवतात. पडद्यावर बोट टेकवले की खेळ आटोपला. कुणाला पकडायचे नाही, कुणाचे तोंड काळे करायचे नाही. हरणाऱ्याची फजितीच ज्यात होत नाही त्याला खेळ का म्हणावे, अशी विचारणा मी वृत्तपत्राकडे पत्राने केली होती. ते छापले गेले नाही. तेव्हा सैफिद्दिनविषयी लिहिणे बरे.

सैफिद्दिन आमचा वर्गमित्र आणि पुढे मोहल्ल्याचा पोस्टमन. खेळाचा नियम साधा होता. पहिला बर्फ पडला की मित्राला बेसावध गाठून त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची. त्याने ती घेतली, की तीत मागितलेली मेजवानी त्याच्या माथी. मात्र देणारा जागीच पकडला गेला, तर त्याचे तोंड काजळीने माखायचे, चिठ्ठी सर्वांदेखत वाचायची आणि मेजवानी त्यानेच द्यायची. पस्तिशी उलटली तरी आम्ही चौघे मित्र हा पोरखेळ नेमाने खेळत होतो. सैफिद्दिनने स्वतः एकही चिठ्ठी कधी लिहिली नव्हती. तरीही त्या एका दिवशी त्याच्या हातून पेन्शनचा कागदसुद्धा कुणी घेत नसे. दाराआडून “उद्या ये” म्हणत, आणि तो निमूट उद्या येई. सरकारी नोकरीत प्रामाणिकपणाचे याहून वेगळे चीज झालेले माझ्या पाहण्यात नाही.

त्या वर्षी बर्फ मंगळवारी पडला, आणि सैफिद्दिनच्या पिशवीत आमच्या चौघांतल्या होशिमच्या नावे ताश्कंदच्या एका डोळ्यांच्या इस्पितळाचे रजिस्टर पत्र होते. होशिमची बायको आयदिन हिला जवळजवळ दिसत नव्हते. शस्त्रक्रियेच्या तारखेची दोघे वर्षभर वाट पाहत होते, आणि ती चुकली तर नाव पुन्हा यादीच्या तळाशी जाणार होते. आत तारीख असणार हे उघड होते. कोणती, ते पाकीट फोडल्याशिवाय कळणार नव्हते, आणि दुसऱ्याचे पाकीट सैफिद्दिनने जन्मात फोडले नसते.

आधी तो होशिमच्या घरी गेला.

“सैफिद्दिन-अका,” आयदिन म्हणाली, “मला बर्फ दिसत नसला तरी ऐकू येतो. कागद पुढे करू नका.”

“वहिनी, खरंच इस्पितळाचं आहे.”

“तुम्ही असलंच काहीतरी म्हणाल, हे सांगूनच गेलेत ते.”

मग तो चायखान्यात आला. आम्ही उरलेले तिघे शेगडीवरच्या बैठ्या मेजावर पसरलेल्या रजईत पाय खुपसून बसलो होतो.

“आला बघा. हात आत घ्या रे,” कुर्बोन नानवाला म्हणाला.

“होशिम, सही कर. रजिस्टर आहे.”

“ठेव तिथं. वाऱ्यानं नेलं तर वाऱ्यानं द्यावा पुलाव.”

“सहीशिवाय ठेवता येत नाही. ताश्कंदच्या इस्पितळातून आलंय.”

होशिमचा चेहरा उतरला. “दोस्ता, पुलाव हवा तर सरळ माग. तिच्या डोळ्यांवरून खेळू नकोस.”

“शिक्का तरी बघ.”

“शिक्के काय, दिवसभर तुझ्याच हातात असतात,” मी म्हणालो. मी भाषेचा शिक्षक. ते वाक्य मला तेव्हा फार नेमके वाटले.

सैफिद्दिन उभाच राहिला. रजिस्टर पत्र साध्या टपालासारखे उद्यावर टाकता येत नव्हते; सही झाली नाही, तर संध्याकाळी पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत जाणार होते. त्याने खांद्यावरचा बर्फ झटकला आणि टोपी काढली.

“बरं,” तो म्हणाला. “पकडलंत मला. बर्फचिठ्ठीच आहे.”

कुर्बोनने किटलीच्या बुडाची काजळी खरवडली. ती मी स्वहस्ते फासली, कानांमागेसुद्धा. सैफिद्दिनने डोळे मिटून घेतले होते.

“झालं? आता नियमाप्रमाणे वाचा,” तो म्हणाला. “मोठ्यानं.”

वाचन अर्थातच माझ्याकडे आले. मी पाकीट फोडले आणि दरबारी स्वर लावून सुरुवात केली. रुग्ण आयदिन. गुरुवार, सकाळी आठ. उपाशीपोटी. कुणी हसेना, म्हणून मी गुरुवारची ओळ पुन्हा वाचली.

“दाखव,” होशिम म्हणाला. त्याने पत्र उजेडाकडे धरले, मग रजई बाजूला सारून बूट शोधू लागला.

“आधी सही,” सैफिद्दिनने पेन पुढे केले.

त्या संध्याकाळच्या गाडीने नवराबायको ताश्कंदला रवाना झाले. सैफिद्दिनने उरलेला फेरा त्याच काळ्या तोंडाने पुरा केला, आणि त्या दिवशी प्रत्येक दारी त्याच्या हातून टपाल हसतहसत घेतले गेले. पकडल्या गेलेल्या माणसाची कुणाला भीती उरत नाही.

राहता राहिली मेजवानी. ती कुणीतरी माफ करील, असे मला वाटले होते. पण कुर्बोनचे म्हणणे पडले, की गुन्हा त्याने स्वमुखाने कबूल केला आहे, आणि नियमांची चाड असलेल्या मला त्यात खोट काढता आली नाही. रविवारी सैफिद्दिनने अंगणात कढई चढवून आम्हा दोघांना पुलाव वाढला. आयदिनच्या एका डोळ्याची पट्टी निघाली, तिला खिडकी दिसते आहे, अशी तार त्याला सकाळीच आली होती. ती त्याने आम्हाला दोनदा वाचून दाखवली.

मांस जरा कमी पडले आहे, असे मी म्हणालो. त्याने आपल्या वाट्याचे उचलून माझ्या ताटात ठेवले.