अण्णांच्या हातांवर घातलेला आळ

आमच्या तालमीच्या वस्तादांनी मालिशवाल्या अण्णांना फसवलं, आणि नाव मात्र अण्णांचंच खराब झालं. मी तेव्हा त्याच तालमीतला पैलवान, आता म्हशींचा व्यापारी. खोटं बोलणारे बाजारात रोज भेटतात. पण ते निदान म्हशीबद्दल बोलतात.

अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे. आवाज हलगीसारखा, आणि हातांचा गर्व एवढा की पाण्याची बादली उचलायचे नाहीत. "बादलीला तुमी हायसा की. ह्यो हात त्येच्यासाठनं न्हाय." मालिश सुरू झाली की मात्र हाच माणूस मुका. आम्हालाही बोलू द्यायचे नाहीत. "अंग बोलाय लागलंय, तू गप पड."

कुस्तीच्या दिवशी त्यांची मालिश झटपट, अंग तापवणारी. एरवीची सावकाश, खोल; तिनं स्नायू लोण्यासारखे सैल पडायचे. तिच्यानंतर लगेच कुस्ती नाही, हा त्यांचा कायदा. सुजलेल्या सांध्याला ते बोट लावत नसत. "सूज चोळतोय त्यो मालिशवाला न्हाय, खाटीक." फड संपला की आधी हरलेल्याकडे जायचे. "जिकल्याला हलगी ऐकू येतीया, त्येला दुखणं कळत न्हाय." त्यांच्या हाताखाली होतो तोवर आमची अंगं क्वचितच दगा द्यायची.

एका जत्रेआधी माझा उजवा खांदा धरला. अण्णांनी वस्तादांना स्पष्ट सांगितलं, "ही कुस्ती सोडा. न्हायतर मी मैदानात आडवा पडीन." पण वस्ताद जत्रावाल्यांना शब्द देऊन बसले होते. त्यांनी अण्णांना सांगितलं, कुस्ती काढून घेतली, पोराला मोकळी, खोल मालिश द्या. मला सांगितलं, अण्णांनी कुस्तीला हो म्हटलंय. मालिश खोल चालली आहे हे मला जाणवलं. पण अण्णांच्या हाताला प्रश्न विचारायची आमच्यात रीत नव्हती. अण्णा निर्धास्त गावी गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच पकडीत माझा खांदा निखळला.

दवाखान्यात अण्णा धावत आले. माझ्या आईसमोरच कडाडले, "वस्ताद, कुस्ती काढली म्हणून सांगितलंसा की मला!" वस्ताद पाठ फिरवून बाहेर पडले. मग तालमीत एकच बोलणं सुरू झालं: अण्णाच्या मालिशीनं खांदा घालवला. मी घसा फोडून खरं सांगितलं. हरलेल्या पैलवानाचं कोण ऐकतो? अण्णांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

ते लेकीकडे कुरुंदवाडला राहिले. मी गेलो की थट्टेनं म्हणायचे, "या पावणं! म्हशीचं बोला, तालमीचं नगं." बोलता बोलता हात माझ्या खांद्यावर जायचाच. "अजून आडकतोय की रं ह्यो." गेल्या पावसाळ्यात ते गेले. वस्ताद मातीला आले नाहीत.

परवा तालमीत गेलो, तर वस्ताद नव्या पोरांना सांगत होते, "एका मालिशवाल्यानं चांगला पैलवान वाया घालवला." मी तिथंच विचारलं, "कुस्ती काढली म्हणून अण्णांना सांगितलं कुणी?"

"तुजा धंदा बरा चाललाय न्हवं? कशाला जुनं उकरतोस?"

वस्ताद, माझ्या धंद्याचं सोडा. माणूस मेला म्हणून त्याच्यावरचा आळ पचत नाही. त्याच पोरांसमोर, त्याच लाल मातीत उभे राहा आणि सांगा: अण्णा नको म्हणत असताना ती कुस्ती लावली कुणी?