पाहुण्यांचा जार

आमच्या घरात बोअरचं पाणी घरच्यांना आणि विकतच्या जारचं पाणी पाहुण्यांना. पालमहून जारचा टेम्पो रोज येतो, पण पाहुणे येणार असतील तरच जार उतरवायचा, हा माझ्या लेकाचा कायदा.

बोअर त्यानंच पाडलं, नात पाळण्यात होती तेव्हा. शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा खाली गेल्याशिवाय मशीन थांबवू दिली नाही. जितकं खोल तितकं शुद्ध, असं सगळं गाव मानायचं. पाणी दिसायला काचेसारखं, चवीलाही बरं. मग शंका कोण घेतो?

नातीचे दुधाचे दात पडून नवे आले ते ठिपक्यांचे. पुढे त्यांच्यावर तपकिरी पट्टे उठले. मीठ, कोळसा, लिंबू, सगळं घासून झालं. शेवटी कॉलेजातल्या बाईंनी तिला समजावलं आणि तिनं मला. खालच्या खडकात पाणी वर्षानुवर्षं अडकून राहतं आणि खडकातला फ्लोराइड नावाचा क्षार त्यात उतरतो. दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हाच तो त्यांत बसतो. नंतर काही केलं तरी निघत नाही. मी चौथी शिकलेली, मला कळलं. लेकालाही कळलं, पण आपलं बोअर वाईट हे त्याला कबूल करवेना.

औंदा ताडकळसकडचे पाहुणे नातीला बघायला आले. जार उतरला. मुलाच्या आत्यानं दोन गिलास थंडगार पाणी पिलं आणि नात नाव सांगायला लागली तशी तिच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "पोरगी मिसरी लावती का?"

"न्हाई हो, ते पाण्यामुळं हाय," लेक पुटपुटला.

"पाण्यानं कुटं दात काळे होतेत का? तंबाखू आसल."

नात उठून आत गेली. माझं डोकं फिरलं. मी माठातलं बोअरचं पाणी गिलासात भरून आत्यापुढं आदळलं.

"हे प्या. पोरगी ह्याच्यावर वाढली. तुमी पिलाव ते इकतचं होतं."

"मावशी, रागाला कशाला यायलाव? इचारलं तर बिघडलं काय?"

"तुमी इचारलं न्हाई. तुमीच ठरवून सांगितलं."

पोहे खाऊन पाहुणे गेले. तो गिलास तसाच राहिला. लेक माझ्यावर ओरडला, "माय, चांगली सोयरीक मोडलीस तू."

मी उत्तर द्यायच्या आधी माझं लक्ष चुलीकडं गेलं. नातसून, थोरल्या नातवाची बायको, तान्ह्या पणतीसाठी वाटीत पाणी घेत होती. पोरीचं अंगावरचं दूध सुटत आलंय, वरणभात सुरू झालाय. जार ओसरीत अर्धा भरलेला, आणि वाटीत बोअरचं पाणी! मी वाटी हिसकून मोरीत ओतली. जार आत ओढून आणला.

"आजपासून पणतीला जारचं. तिचं अन्न बी त्याच्यातच शिजंल."

"आन् पाहुणे आले तर?" लेकानं विचारलं.

"त्यास्नी बोअरचं दे. त्यांचे दात कवाच आलेत."

तो त्या दिवशी जेवला नाही. न जेवो. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा नातसुनेनं कुणाला न विचारता जार उतरवून घेतला.