वहीतल्या नावावरची लाल रेघ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका राइस मिलच्या मागे आमच्या संस्थेची एक खोली होती आणि त्या खोलीत एक जाडजूड वही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलगावांत रासायनिक खत न घालता धान पिकवणारे छोटे छोटे गट होते. कोणाकडे कुठलं जुनं बियाणं आहे, त्याचं नाव, गाव, पत्ता, सगळं त्या वहीत. फोन बहुतेक गावांत नव्हताच. बियाणं हवं असलं की लोक आम्हाला पोस्टकार्ड टाकायचे, आणि आम्ही वही बघून ज्याच्याकडे ते असेल त्याला. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे होती. अक्षर बरं, डोकं मात्र तापट, असं सगळे म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

उन्हाळ्यात सगळे गट जमले की वही मोठ्यानं वाचली जायची. नाव आलं की तो माणूस म्हणायचा, "हाये." म्हणजे तोही आहे आणि त्याचं बियाणंही. कोणी लाजत म्हणायचा, कोणी छप्पर उडेल असं ओरडायचा, आणि मागे बायका हसायच्या. ते "हाये" ऐकायला मी आजही कुठूनही उठून जाईन. एखादा वारला असला तर घरचं कोणी उत्तर द्यायचं. बियाणं घरात आहे तोवर नाव खोडायचं नाही, अशी रीतच होती. मला मात्र तो गबाळेपणा वाटायचा. मेलेल्या माणसाला पोस्टकार्ड कसलं टाकता?

मग खोलीत कॉम्प्युटर आला. सगळ्या गटांना एकच छापील यादी द्यायची ठरलं. यादी टाइप करण्याआधी मी पट्टी धरून वारलेल्यांची नावं लाल पेनानं खोडली. विचारलं कोणालाच नाही. यादी वाटली तेव्हा स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. प्रत्येकाच्या हातात कागद आला, तसं वही वाचणंही बंद झालं.

दोन वर्षांनी गडचिरोलीकडच्या एका गटाचं पत्र आलं. तलाव फुटून त्यांचा एक वासाचा धान पार वाहून गेला होता, आणि रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आत बियाणं हवं होतं. यादीत त्या धानापुढे कोणीच नव्हतं. मी जुनी वही काढली. लाल रेघेखाली एक नाव स्वच्छ दिसत होतं.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं त्या गावी गेले. त्या माणसाची बायको अंगणात मासे धरायचं जाळं सांधत बसली होती. मी बियाण्याचं विचारलं.

"आधी दरसाल कार्ड येत होतं," ती म्हणाली. "दोन साल झाले, एकबी नाई आलं. मले वाटलं, कोणालेच नाई पाहिजे आता. या साली कांडून खाल्ला."

मी तिच्यासमोर खाली बसले. नाव मीच खोडलं, हे कसंबसं सांगितलं.

"काऊन?"

"ते वारले म्हणून, मावशी."

"मानूस मेला माहा. धान कुठी मेला होता?"

दारावर धानाच्या लोंब्यांचं तोरण होतं, चिमण्यांनी अर्धंअधिक टिपलेलं. माझी नजर तिथे गेली, तिचीही गेली. धान तोच होता. तिनं उठून तोरण उतरवलं. मी हात पुढे केला, तर तिनं ते पदराखाली घेतलं.

"पहिले नाव लिव, बाई."

मी पिशवीतून वही काढली आणि खोडलेल्या नावाखाली तेच नाव पुन्हा लिहिलं, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात.

"आता वाच. सगळ्याइसमोर वाचत होती, तसंच."

मी वाचलं. आवाज बारीक निघाला. पुन्हा मोठ्यानं वाचलं.

"हाये," ती म्हणाली आणि तोरण माझ्या ओंजळीत ठेवलं.