जादूगाराने राजपुत्राला का सोडले

“जादूगाराला पश्चात्ताप झाला, म्हणून त्याने हाती आलेला राजपुत्र सोडून दिला,” असे माझे एक जुने सहकारी आजही सर्वांना सांगतात. हे साफ खोटे आहे. त्या काळी पिंपरीहून घरी परतताना कंपनीच्या बसमध्ये ही गोष्ट ज्यात होती ती कथामाला मीच मोठ्याने वाचत असे. जादूगाराचा प्राण राजपुत्राच्या ताइतात होता. राजपुत्राला मारणे म्हणजे स्वतः मरणे. “कशाला तंडता, राव? काळीज पाघळलं त्याचं!” असे ते म्हणतात आणि लोक माना डोलावतात. आता ते पुस्तक कुठे मिळत नाही, बसमधले इतर श्रोते हयात नाहीत. मी एकटा काय करणार? तरीही सांगतो. हा उलगडा शेवटच्या पानावर होता. ते पान मी आकुर्डीच्या वाटेवर वाचले, आणि हे गृहस्थ नेहमीप्रमाणे चिंचवडलाच उतरले होते.