ताईनं डाव्या हातानं लिहिलं

माझी ताई लहानपणापासून फिकट. घरात ‘पोरीचं रक्त कमी आहे’ एवढंच म्हणत. ती बारा वर्षांची झाली तेव्हा थॅलेसेमिया हे नाव कळलं. वर्षाकाठी एखाददोनदा रक्त चढवलं की तिचं भागायचं, पण प्लीहा वाढून पोट पुढे आलं होतं. सोळाव्या वर्षी प्लीहा ऑपरेशन करून काढली. मग तब्येत सुधारली. ताई शिकली, कळमेश्वरच्या एका शाळेत शिक्षिका झाली. रोज नागपूरहून बसनं जायची.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. ताई तेव्हा सत्तावीस वर्षांची. रविवारी ती पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. तिच्या हातातून लाटणं निसटलं. उचलायला गेली तर हात वळेना. माझ्याकडे पाहून तिनं तोंड वाकडं केलं. मला वाटलं, कुणाची नक्कल करतेय. मी हसले.

आई आत आली. “काहून वं, तोंड असं काहून करून राहिली?”

ताईला बोलता येईना.

दवाखान्यात आधी कुणाचा विश्वासच बसेना. या वयात अर्धांगवायू? दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी जुने कागद पाहिले. म्हणाले, “या आजारात रक्त गोठायची भीती असते. प्लीहा काढल्यावर ती वाढते. मेंदूच्या शिरेत गुठळी अडकली असावी.”

बाबा खाली बसले. “ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली होती.” पुढे कित्येक दिवस ते ताईजवळ बसत, पण तिच्याकडे पाहत नसत.

महिन्याभरानं शब्द परतू लागले, चुकत चुकत. पाण्याला ती ‘खुर्ची’ म्हणायची आणि आम्हाला कळलं नाही की चिडायची. एका दुपारी तिनं बाबांचा सदरा धरला. “बाबा... पोट... लय दुखे. सही... बरी केली.” बाबा उठून अंगणात गेले.

रक्त आता नियमानं चढू लागलं, रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी सुरू झाली. उजवा हात सुधारला नाही. ताईनं दुरेघी वही मागवली आणि डाव्या हातानं अ-आ-इपासून गिरवायला घेतलं. पाच वह्या भरल्या.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. बसमधून उतरताना मी हात पुढे केला, तर ताई म्हणाली, “मले... उतरता येते.” एक पाय ओढत ती वर्गात गेली. फळ्यावर तारीख लिहायला तिला बराच वेळ लागला. मुलांनी ती आपापल्या वहीत उतरवून घेतली.