विमा नसलेली जीप

देवरूखहून रत्नागिरीची एसटी सुटली तेव्हा माझी धाकटी बहीण सुनंदा खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसली होती. कोर्टाच्या तारखेला तिच्या सोबतीसाठी मी साताऱ्याहून आलो होतो. तिचे यजमान सदानंदराव देवरूखात शिक्षक. हातखंब्याजवळ एका जीपने त्यांच्या स्कूटरला उडवलं आणि त्यांचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं. शेजारीण दिवे लागेपर्यंत त्यांच्याजवळ थांबणार होती.

बाहेर काळा कातळ पसरला होता. मध्येच जांभ्या दगडाच्या गडग्यांआड (कुंपणांआड) आंब्याच्या बागा दिसायच्या. 

कोर्टात काम लवकर उरकलं. जीपचा विमा संपलेला होता. पूर्णगडचा यशवंत तिचा मालक, चालवतही तोच होता. त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि आमच्यासमोरून निघून गेला.

"एवढंच?" सुनंदाने आमच्या वकिलांना विचारलं.

"विमा नसल्याबद्दल एवढंच, ताई. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण बहुधा दंडावरच सोडतात. अपघाताचा खटला वेगळा, तो चालेल सावकाश."

"आणि भरपाई?"

"विमा असता तर कंपनीने दिली असती. सक्ती असते ती त्यासाठीच. आता दावा जिंकलात तरी वसुली त्या माणसाकडूनच."

 ती म्हणाली, "दादा, मला त्याचं घर बघायचंय."

पावसवरून पूर्णगडला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. टेकडीवर छोटासा गड, खाली खाडी समुद्राला मिळते. एरवी मी तिथे तासभर बसलो असतो. यशवंतचं घर विचारावं लागलं नाही. माडाखाली कोर्टाच्या कागदांवरच्या नंबरची ती जीप उभी होती, पुढची चाकं काढून नेलेली, खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेला. खळ्यात (अंगणात) त्याची म्हातारी आई बांगडे वाळत घालत होती.

सुनंदाला बघताच यशवंत उठून उभा राहिला. "बसा ओ ताई." आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"विमा का नाही उतरवलात?" सुनंदाने विचारलं.

"उतरवणार होतो. पण इंजिन बसलं, ते आधी दुरुस्त केलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू." त्याने जीपकडे हात केला. "ही न्या. आणखी काय नाय माझ्याकडे."

तिने घराकडे पाहिलं. माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांचं छप्पर, दाराशी फाटकं जाळं. भांडायचं ठरवून आली होती, ते राहूनच गेलं. पाणी न पिताच ती उठली.

रस्त्यावर आलो. एसटी आलीच नाही. रत्नागिरीहून देवरूखची शेवटची गाडी चुकली तर सदानंदराव रात्रभर एकटे पडणार होते. सुनंदा सारखी वळणाकडे बघत होती. तेवढ्यात एक म्हावऱ्याची (मासळीची) जीप येऊन थांबली. चाकामागे यशवंत होता.

"आज एसटी बंद पडलीय म्हणतात. चला, रत्नागिरी स्टँडवर सोडतो."

"ही कुणाची?"

"शेठची. मी पगारावर चालवतो."

"हिचा विमा आहे?"

त्याने मान खाली घातली. "इचारलं नाय, ताई."

सुनंदा मागे सरली. आम्ही आणखी थोडं थांबलो. तोही थांबला. रस्त्यावर दुसरं काही फिरकलं नाही. शेवटी ती चढली आणि दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसली. रत्नागिरीपर्यंत तिने तो सोडला नाही.

शेवटच्या गाडीने देवरूखला पोचलो. सदानंदरावांनी अंथरुणावरून विचारलं, "काय म्हणालं कोर्ट?"

"पुढची तारीख दिलीय," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. घाटात समोरून जीपा येत होत्या, दाराबाहेर लोंबकळण्याइतकी माणसं भरलेल्या. त्यांतल्या कुठल्या जीपचा विमा आहे, कुठल्या जीपचा नाही, हे बसणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार! पण सुनंदाने तर विचारलं होतं. उत्तर ऐकलं, आणि तरी तिला बसावंच लागलं.